गांदोल्फाचा थाळा

"चूल विझते, भूक विझत नाही."

हे वाक्य गांदोल्फा उठता-बसता म्हणायची. कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणायची, चर्चच्या पायरीवर बसून शेंगा सोलताना म्हणायची. आणि कुणी गेल्याची घंटा झाली, बाकीच्या बायका हातातलं काम टाकून क्रूसाची खूण करू लागल्या, की ती हेच पुटपुटत चुलीवर पाण्याचं आधण ठेवायची. कोण गेलं, हे ती नंतर विचारायची.

आमचं पेत्राविवा सिसिलीच्या मधल्या डोंगरात, उतरंडीसारखं रचलेलं गाव. वर चर्च, खाली खळी. गांदोल्फाचं घर खळ्यांच्या अंगाला, अगदी शेवटचं. घर म्हणजे एक खोली, वर माळा आणि अंगणात दगडी भट्टी. भट्टीच घरापेक्षा मोठी दिसायची. बाईही तशीच होती, उंचीला कमी आणि रुंदीला ऐसपैस, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत अर्जेंटिनाला गेला, तो तिकडचाच झाला. पोरबाळ नव्हतं. "त्यानं तिकडे दुसरी केली असणार," असं कुणी डिवचलं तर ती म्हणे, "करू दे बापडा. तिला रांधता येत असलं म्हणजे झालं."

घरात माणूस गेलं की आमच्याकडे तीन दिवस त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, गणगोतातले जेवण घेऊन येतात. कुणी कोंबडीचं कढण आणतं, कुणी अंडी, कुणी पाव. पण गांदोल्फा भट्टीतला पास्ता आणायची. बोटात घालायच्या अंगठीएवढी पास्त्याची कडी, मांसाचा दाट रस्सा, मटार, उकडलेली अंडी, चीज, आणि वरून पावाच्या चुऱ्याची खरपूस पापडी. तांब्याच्या कल्हई केलेल्या थाळ्यात तो भाजायचा, पांढऱ्या फडक्यात चारी टोकांची गाठ मारून बांधायचा, आणि डोक्यावर घेऊन गावातून न्यायचा. तो थाळा दिसला की माणसं बोलणं थांबवून वाट द्यायची.

"तूच का दर वेळी?" असं एकदा तिला कुणी विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली, "मला रडता येत नाही नीट. मी रडायला लागले की हसल्यासारखी दिसते. लहानपणी आत्याच्या मयताला रडायला बसले, तर मामानं कान धरून बाहेर काढलं. म्हणाला, हसतेस काय टवळे? तेव्हापासून मी आपली भट्टीपाशी. ज्यांना येतं त्यांनी रडावं."

दुखवट्याच्या जेवणाला आमच्याकडे दोन नियम. पहिला घास घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं घ्यायचा; त्यानं काटा उचलल्याशिवाय घरात कुणी तोंड उष्टं करायचं नाही. आणि दुसरा, त्या जेवणाचे आभार मानायचे नाहीत. बाकी कशाचेही माना. थाळा मात्र मुकाट्यानं घ्यायचा आणि रिकामा करून मुकाट्यानं परत द्यायचा. आभार मानले म्हणजे आणखी मागितल्यासारखं होतं, आणि ते ऐकायला मृत्यू दाराआडच उभा असतो, असं म्हातारी माणसं सांगतात.

या दुसऱ्या नियमानं एका पोरीच्या छातीवर दगड ठेवला. तिचं नाव इल्लुमिनाता. तिला गांदोल्फाला दोनच शब्द म्हणायचे होते, आणि ते म्हणायला गावात बंदी होती.

इल्लुमिनाता समुद्रकाठच्या कोळ्याची पोर. रोझोलिनोशी लग्न होऊन ती डोंगरात आली तेव्हा गावातल्या बायका नाकाला शाल लावून म्हणायच्या, "मासळी आली, मासळी." सासू एपिफानिया काठीसारखी ताठ, देवभोळी आणि तोंडानं फटकळ. रोझोलिनो हा तिचा एकुलता एक. हिवाळा सरता सरता तो लाकडं आणताना पावसात भिजला, छातीत कफ धरला, आणि आठवड्याच्या आत गेला. इल्लुमिनाताच्या पोटात तेव्हा सहावा महिना होता.

माती देऊन आल्यावर एपिफानिया भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसली, ती बसलीच. ना रडली, ना बोलली. बायका कढणाचे टोप घेऊन आल्या, टोप तसेच परत गेले. गांदोल्फा पहिल्या दिवशी साधा शेवयांचा पातळ पास्ता घेऊन आली, दुसऱ्या दिवशी पालेभाजीचा. म्हातारीनं मान वळवली नाही. तिनं घास घेतला नाही म्हणून इल्लुमिनातालाही घेता येईना. चोरून खावं म्हटलं तर घर रात्रंदिवस बायकांनी भरलेलं. ती बुटक्या स्टुलावर बसून पाणी प्यायची. नवऱ्याच्या दुःखानं छाती फाटत होती, आणि त्याच छातीखाली भूक पेटली होती. या भुकेची तिला इतकी लाज वाटायची की ती मान वर करत नसे. पोटातलं पोर आधी लाथा मारायचं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून ते हललं नव्हतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

त्या तिसऱ्या दिवशी गांदोल्फानं मनाशी ठरवलं, आता माझा खरा थाळा नेते. त्याला नाही म्हणेल अशी बाई या डोंगरात जन्माला यायची आहे. दोन रात्री जागरणाच्या झाल्या होत्या. डोळे जड, डोकं सुन्न. कसाबाकडे गेली असती तर त्याचं बंद दार बघून तिला वार कळला असता. पण हिवाळ्यात कापलेल्या डुकराची बडीशेप घातलेली सॉसेजं तिच्या आढ्यालाच टांगलेली होती. तिनं दोन खाली काढली, चिरली, कांद्यावर परतली आणि रस्सा शिजत लावला. दिवस शुक्रवारचा होता. तोही ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवार, ज्या दिवशी आमच्या गावात मांजरसुद्धा मांसाला तोंड लावत नाही असं म्हणतात.

दुपारी ती थाळा घेऊन आली. मेजावर ठेवून तिनं फडक्याची गाठ सोडली, आणि वाफ खोलीभर झाली.

एपिफानियाची पाठ हलली.

"कसला वास येतोय?"

सगळ्या बायका वळल्या. माती देऊन आल्यापासूनचे तिचे हे पहिले शब्द.

"पास्ता आहे गं, भट्टीतला. गरम आहे तोवर घे," गांदोल्फा म्हणाली.

"पास्ता आहे ते आंधळीलाही कळेल. वास कसला येतोय, ते विचारते मी."

कोपऱ्यातून शेजारची सेराफिना कुजबुजली, "अगं बाई गं! आज शुक्रवार!"

गांदोल्फाचा हात फडक्यावरच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या थाळ्याची तिला लाज वाटली. मृत्यूच्या घरात, उपवासाच्या शुक्रवारी, डुक्कर! आणि लाज वाटली की माणूस जे करतं तेच तिनं केलं. ती खोटं बोलली.

"वांगी आहेत ती. उन्हाळ्यात वाळवलेली."

"वांगी," एपिफानिया म्हणाली. ती हळूहळू खुर्चीतून उठली. "वांग्यात बडीशेप?"

"मी घालते कधी कधी."

"चाळीस वर्षं मी तुझ्या हातचं खाते आहे, गांदोल्फा. माझी सासू गेली तेव्हा खाल्लं, माझा नवरा गेला तेव्हा खाल्लं. तू वांग्यात बडीशेप कधी घातलीस? नाक माझं अजून मेलेलं नाही. आण तो काटा इकडे."

"राहू दे ना एपिफानिया, मी घेऊन जाते परत..."

"आण म्हणते ना!"

तिनं काटा हिसकावून घेतला, खरपूस पापडी फोडून आत खुपसला, भरगच्च घास काढला आणि तोंडात घातला. दोनदा चावलं आणि भरल्या तोंडानं ओरडली, "डुक्कर आहे हे! डुक्कर! वांगं म्हणे! वांग्याला चरबी कधी सुटली होती गं, खोटारडे?"

आणि मग तिच्या लक्षात आलं, घास आपल्या तोंडात आहे.

म्हातारीचा जबडा थांबला. घास थुंकायला तिनं रुमालासाठी हात कमरेशी नेला. तेवढ्यात तिची नजर सुनेवर गेली. सगळ्या बायका एपिफानियाच्या तोंडाकडे बघत होत्या. इल्लुमिनाता एकटी काट्याकडे बघत होती. तिचे ओठ नकळत हलत होते, जणू तो घास तीच चावत होती.

एपिफानिया किती वेळ तशी उभी होती, हे जो तो वेगळं सांगतो. शेवटी तिनं घास गिळला.

"पाप लागायचं ते लागलं," ती म्हणाली. "आता ते गार करून खाण्यात काय हशील? घे, पोरी. जेव."

तोच काटा तिनं सुनेच्या हातात दिला. इल्लुमिनातानं थाळ्याच्या कडेचा तुकडा तोडला, जिथं पापडी सगळ्यांत जाड असते. गोड टोमॅटो, धुरकट मांस, वितळलेलं चीज. तिला वाटलं, आपण पाय जमिनीला लावून पुन्हा उभ्या राहतोय. ती खात होती आणि रडत होती, आणि म्हातारी तिच्या शेजारी बसून आता कुठे हंबरडा फोडत होती. अर्धा थाळा संपत आला तेव्हा पोटातल्या पोरानं लाथ मारली. इल्लुमिनातानं काटा खाली ठेवून दोन्ही हात पोटावर धरले.

"आणि आमचं काय?" सेराफिनानं थाळ्याकडे बघत विचारलं.

"तुम्ही आपापल्या घरी जाऊन पाला खा," एपिफानिया डोळे पुसत म्हणाली. "आज शुक्रवार आहे."

दुसऱ्या दिवशी फादर एलिसेओ घरी आले. सगळी हकीकत ऐकून त्यांनी विचारलं, "कुणी कुणी खाल्लं?"

"मी, सून, आणि सुनेच्या पोटातलं," एपिफानिया म्हणाली.

"गरोदर बाईला उपवास नसतो, हे मी दर वर्षी सांगतो. पण ऐकतंय कोण?" फादरनी म्हातारीला प्रायश्चित्त म्हणून एक जपमाळ सांगितली. थाळा न्यायला आलेल्या गांदोल्फाला तीन. ती कुरकुरली तेव्हा म्हणाले, "मांसाचं मी देवापुढे निभावून नेईन गं. पण वांग्याचं काय सांगू?"

उन्हाळ्यात मुलगी झाली. बापाचं नाव चालवायचं म्हणून तिला रोझोलिना म्हणू लागले. मुलगी गुटगुटीत, आवाज खणखणीत. इल्लुमिनाता तिला पाजायला घेई तेव्हा दर वेळी तिला तो काटा आठवे, ती पापडी आठवे, आणि ते दोन शब्द घशाशी येऊन थांबत. एकदा विहिरीवर तिला राहवलं नाही. "मावशी, त्या शुक्रवारी तुम्ही..." एवढंच ती बोलली असेल, तोच गांदोल्फानं ओल्या हातानं तिचं तोंड दाबलं. "गप! कडेवर पोर आहे तुझ्या. कुणाला आवतण देतेस?"

मग इल्लुमिनातानं दुसरी वाट धरली. हेमंतात ती पोरीला टोपलीत घालून खाली खळ्यांकडे जाऊ लागली. "मावशी, मला शिकवा."

"तुला? मासळीला?" गांदोल्फा म्हणाली, पण स्टूल पुढे सरकवलं.

ती शिकवायची तशी कमी बोलायची, पण ज्या जागी बोलायची त्या जागी ठाम असायची. कांदा घाईनं परतायचा नाही, त्याला स्वतःहून गोड होऊ द्यायचं. उन्हात फळ्यांवर आटवलेला टोमॅटोचा गोळा चमचाभर घालायचा आणि तो तेलात काळसर होईपर्यंत हलवत राहायचं. तिथं कंटाळा केला तर रस्सा आयुष्यभर आंबट बोलतो. मांस बारीक, मटार शेवटी, तमालपत्र एकच. "पास्ता अर्धा कच्चा उपसायचा," ती सांगायची. "दाताखाली कुरकुरला पाहिजे. सगळं काम पाण्यानंच केलं तर भट्टीनं काय करायचं?" थाळ्याला आतून चरबी चोळायची आणि त्यावर पावाचा चुरा असा फिरवायचा की तांब्याचा एक डाग दिसता कामा नये. मग पास्त्याचा एक थर, चीज, अंड्याच्या चकत्या, पुन्हा पास्ता. वरून चुरा. हातानं दाबायचं नाही, थाळा आपटायचा नाही. नुसता एकदा हलवायचा, म्हणजे ज्याची त्याची जागा जो तो शोधतो.

भट्टीची पारख तर वेगळीच होती. निखारे बाजूला सारून मूठभर पीठ आत दगडावर टाकायचं. पीठ लगेच काळं पडलं तर भट्टी रागात आहे, दार उघडं ठेवून तिला शांत होऊ द्यायचं. पांढरंच राहिलं तर ती अजून झोपेत आहे. तांबूस झालं की समजायचं, आता बोलायला हरकत नाही.

"आणि बाहेर काढल्यावर लगेच सुरी घालायची नाही. बसू दे त्याला. घाईनं कापलास तर ढासळतो. मग लोक म्हणतात, पास्ता बिघडला. पास्ता नाही बिघडत, माणसाला धीर नसतो."

सबंध हिवाळा इल्लुमिनाता शिकली. रोझोलिनोचं वर्ष सरलं, ईस्टर झाला, बदामाला हिरवी फळं धरली. आणि एके दिवशी तिला सुचलं की थाळा दुखवट्याचा नसला, घरात कुणी गेलेलं नसलं, तर आभार मानायला कुणाची आडकाठी असणार? साध्या दिवशी, काही कारण नसताना न्यायचा. तेव्हा दाराआड कुणी उभं नसतं.

तिनं सासूला सांगितलं. एपिफानियानं फळीवरून ठेवणीतलं चीज काढून तिच्यापुढे आपटलं. "हे किस. तुमच्याकडची मासळीवाली चिंगूसगिरी करू नकोस त्यात."

पोरीला सासूजवळ ठेवून, थाळा पांढऱ्या फडक्यात बांधून, डोक्यावर घेऊन इल्लुमिनाता निघाली. अंगावर विधवेचे काळे कपडे. चार दिवसांत गावात कुणी आजारी नव्हतं, ऊन छान पडलं होतं, तिच्या मनात फक्त ते दोन शब्द होते. ती समुद्रकाठची. काळ्या कपड्यातली बाई साध्या मंगळवारी डोक्यावर बांधलेला थाळा घेऊन चालली तर पेत्राविवात त्याचा एकच अर्थ होतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

विहिरीवर सेराफिना होती. थाळा बघून तिच्या हातून दोर सुटला. "कुणाकडे गं?"

"गांदोल्फा मावशीकडे," इल्लुमिनाता हसून म्हणाली.

सेराफिनाला ते हसू दुःखानं वेडं झाल्यासारखं वाटलं. सकाळी गांदोल्फा पाण्याला आली नव्हती, हेही तिला आठवलं. तिनं क्रूसाची खूण केली, शाल डोक्यावर ओढली आणि थाळ्यामागे चालू लागली. जोडे शिवणारा बास्तियानो आरी टाकून उठला. "कोण?" सेराफिनानं खाली खळ्यांकडे बोट केलं. त्यानं टोपी काढली. कुणीतरी वर चर्चकडे पळालं. गल्ली उतरता उतरता इल्लुमिनाताच्या मागे माणसं वाढत गेली. तिला वाटलं, बाजाराला चालली असतील. डोक्यावर थाळा, मागे वळून बघता येईना. पण कानावर तुटक शब्द पडत होते, त्यांचा अर्थ तिला लागेना.

"माझा बाप गेला तेव्हा बर्फातून आली होती, गुडघाभर बर्फातून."

"आमच्याकडे तर नवराबायकोचं भांडण चाललं होतं मयत समोर ठेवून. तिनं दोघांच्या हातात काटे दिले. गप खाल्लं."

"असा पास्ता आता होणे नाही," बास्तियानो म्हणाला. "आणि कधी एक शब्द म्हणता आला नाही तिला. एक शब्द."

"मग आता म्हण. मेलेल्याचे आभार मानले तर चालतात."

तेवढ्यात वर घंटा सुरू झाली. मयताची घंटा, एक ठोका, मग लांब थांबायचं, मग एक ठोका. इल्लुमिनाता चमकली. कोण गेलं असेल? थाळा सावरत ती झपाझप चालली आणि गांदोल्फाच्या फाटकातून आत शिरली.

गांदोल्फा चुलीत लाकडं सारत होती. चुलीवर मोठा टोप होता.

"बरं झालं आलीस," ती वर न बघता म्हणाली. "कोण गेलं गं? पाणी ठेवलंय मी. कांदा चिरायला घे."

मागून सेराफिना आत आली आणि किंचाळली. तिच्यामागे बास्तियानो, त्याच्यामागे निम्मं गाव, टोप्या हातात, शाली डोक्यावर.

"काय झालं? कोण गेलं?" गांदोल्फानं विचारलं.

"तू!" सेराफिना म्हणाली.

"मी? मला वेळ कुठाय? खुडूक कोंबडी खुराड्याखाली अडकून बसली होती, तिला काढण्यात सकाळ गेली."

फाटकात एपिफानिया येऊन धडकली. कडेवर पोर, एका हातात रुमाल, धापा टाकत. घंटा ऐकून ती वरून पळत आली होती. "गेली? खाण्याआधीच गेली? त्यात माझं ठेवणीतलं चीज..." आणि तिला गांदोल्फा दिसली. "निर्लज्जे! जिवंत आहेस?"

"दिसतंय तरी तसं."

कोण आधी हसलं ते कुणालाच कळलं नाही. पण वर चर्चपर्यंत ऐकू जाईल असं ते हसू होतं. हसून हसून थकल्यावर गांदोल्फानं कमरेवर हात ठेवून विचारलं, "बरं, वाटेत काय काय म्हणालात माझ्याबद्दल? सांगा की आता तोंडावर."

"मी म्हणालो, असा पास्ता आता होणे नाही," बास्तियानो म्हणाला.

"मग?"

"तेवढं परत घेतो."

इल्लुमिनातानं थाळा भट्टीच्या कट्ट्यावर ठेवला होता. तिनं सासूकडून पोरीला घेतलं आणि गांदोल्फासमोर उभी राहिली.

"मावशी, आज कुणी गेलेलं नाही. थाळा माझा आहे, भट्टी आमची. म्हणून आज बोलते, आज मला अडवू नका. त्या शुक्रवारी तुम्ही आला नसता तर ही नसती. मीही नसते बहुतेक. तुमचे आभार."

गांदोल्फानं सवयीनं दाराआड बघितलं. दाराआड बास्तियानो नाक पुसत उभा होता.

"झालं म्हणून एकदाचं?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, म्हणून खाकरली. "मग आता काप तो. नाही, थांब. भट्टीतून काढून किती वेळ झाला?"

"गावभर फिरलाय मावशी. चांगला बसलाय."

गाठ सुटली. पापडी सोनेरी होती, एका कडेला जरा जास्त लागलेली. सुरी फिरली, तुकडा उभा राहिला, ढासळला नाही. घरात होतं नव्हतं ते सगळं भांडं बाहेर आलं, लोकांनी बशीत घेतलं, वाटीत घेतलं, काहींनी पावावर घेतलं. पहिला तुकडा गांदोल्फाच्या हातात दिला. दुसऱ्याच्या हातचा भट्टीतला पास्ता तिनं आयुष्यात किती वेळा खाल्ला असेल, देव जाणे. तिनं डोळे मिटून चावलं. सगळे वाट बघत राहिले.

"कांद्याला आज घाई केली नाहीस," ती इल्लुमिनाताला म्हणाली. एपिफानियाकडे वळून म्हणाली, "आणि चीज बरं आहे तुझं. चाळीस वर्षं कुठे लपवलं होतंस?"

वर घंटा चालूच होती.

"आता त्या घंटा वाजवणाऱ्या बहिऱ्या नार्दोला कुणीतरी सांगा," सेराफिना म्हणाली.

"सांगून त्याला ऐकू येणार आहे का?" गांदोल्फानं बशीवर आणखी एक तुकडा ठेवला. "त्याला मीच दिसायला पाहिजे. नाहीतर संध्याकाळपर्यंत पुरून मोकळा होईल मला."

ती फाटकाबाहेर पडली. हातात बशी, बशीत काटा. डोक्यावर आज काही नव्हतं, म्हणून चाल जरा वेगळी होती, दोन्ही बाजूंना डोलत, सवडीनं. चढावर मध्येच थांबायची, एक घास घ्यायची, पुढे चालायची. दारादारांत माणसं उभी राहत होती. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, डोळे चोळले, टोपी पुन्हा घातली. तिच्या नावाची घंटा डोंगरावर ठोके देत होती आणि ती तिच्याखालून पास्ता चावत वर चालली होती.

वळणापाशी ती दिसेनाशी झाली तोवर इल्लुमिनाता फाटकात उभी होती, कडेवर रोझोलिना, शेजारी सासू, आणि मागे हातात बश्या धरलेलं निम्मं गाव.